घोडा घडविणाऱ्याची प्राप्ती

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनांचा जो तपशीलवार तक्ता दिला आहे, त्यात मंत्री, पुरोहित, सेनापती यांच्यासारख्या ४८,००० पणांच्या मानकऱ्यांपासून अवघ्या ६० पणांवर राबणाऱ्या परिचारकांपर्यंत प्रत्येकाची पायरी आकड्यांनी मुक्रर केलेली आहे. आणि त्या तक्त्याच्या मधल्या घरात, २,००० पणांच्या ओळीत, रथी, वैद्य आणि सुतार यांच्या पंक्तीला अश्वदमक, म्हणजे अवखळ शिंगराला लगाम मानावयास शिकविणारा इसम, सन्मानाने बसविलेला आढळतो. महाभारतातील नळराजाची कथा तर याहून बोलकी आहे. राज्य गमावून, रूप पालटून, बाहुक या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे चाकरी मागावयास गेला, तेव्हा अश्वविद्येतील त्याचे प्रावीण्य जाणून राजाने त्यास अश्वाध्यक्ष नेमले, दहा हजारांचे वेतन ठरवून दिले आणि वार्ष्णेय व जीवल असे दोन मदतनीसही हाताखाली दिले. पुढे पेशव्यांच्या आणि सरदारांच्या पागांतून जो चाबुकस्वार वावरत असे, तोही याच परंपरेतला. या सर्वांच्या बाबतीत एक गोष्ट समान होती: घोडा पळो वा न पळो, रणात पडो वा पागेत म्हातारा होवो, त्याला शिकविणाऱ्याचा मुशाहिरा सरकारी खजिन्यातून ठरल्या तिथीस मिळावा, असा दंडक होता. (मराठी फौजेच्या थकलेल्या पगारांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, ते ‘दंडक’ या शब्दावर हसतील, पण कागदावर तरी तो होता.)

आज घोडा घडविणाऱ्याची प्राप्ती किती, असा प्रश्न कोणी केला, तर असा एकही तक्ता दाखविता येत नाही. त्याचे कारण असे की, या धंद्यातील सर्वांत नावाजलेली जी शाखा, म्हणजे शर्यतीचे घोडे तयार करण्याची, ती कोणाची चाकरीच नव्हे. मैदानावर ज्याला सर्रास ‘ट्रेनर’ म्हणतात, तो गृहस्थ मालकाचा पगारी नोकर नसतो आणि क्लबाचाही नसतो. टर्फ क्लब त्याला परवाना देतो, तबेल्यातील ठराविक ठाणी नेमून देतो, नियमांचा भंग झाल्यास दंड करतो आणि प्रसंगी परवाना काढूनही घेतो. पण दरमहा एक पैसाही देत नाही. घोडा मालकाचा, जागा क्लबाची, चाकर मात्र स्वतः नेमलेले, आणि बुद्धी, नजर व जबाबदारी ही सर्वस्वी आपली, अशा चमत्कारिक व्यवस्थेत हा माणूस उभा असतो; आणि त्याची प्राप्ती समजून घ्यावयाची तर ही व्यवस्थाच आधी ध्यानी घ्यावी लागते.

महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालापासून चालत आले आहे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत शर्यती मुंबईस आणि पावसाळ्यात पुण्यास, असा तेथील वार्षिक क्रम. त्यामुळे ट्रेनरचा सारा संसार, म्हणजे घोडे, माणसे, खोगिरे, औषधांच्या पेट्या आणि चंदीची पिंपे, वर्षातून दोनदा घाट चढतो आणि उतरतो. या संसाराचा खर्च भागविण्यासाठी मालकाकडून प्रत्येक घोड्यामागे दरमहा ठरलेली रक्कम येते. बाहेरच्या माणसाला वाटते की हाच त्या ट्रेनरचा पगार. वस्तुतः ती रक्कम हाती येते न येते तोच घोड्याच्या तोंडात जाऊ लागते. ओट्स, हरभरा, कोंडा, लसूणघास, ठाण्यात पसरावयाचे गवत. शिवाय माणसांचे पगार. खरारा, मालीश, पाणी, स्वच्छता यांसाठी दोन-तीन घोड्यांमागे एक सईस लागतो, साऱ्या सईसांवर एक जमादार लागतो, पहाटे घोडे फिरवावयास रायडिंग बॉय लागतात. आणि थोड्या मोठ्या तबेल्यात ट्रेनरला रजेवर जाता यावे म्हणून नव्हे, तर एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहता यावे म्हणून एक सहायकही लागतो. नालबंदाचा व पशुवैद्याचा हिशेब मालकाकडून निराळा घेण्याची चाल आहे, पण तो वसूल करून देण्याची यातायात ट्रेनरच्याच गळ्यात पडते.

तेव्हा या मासिक रकमेतून, घोड्यांची संख्या बरी असेल आणि सारे मालक वेळेवर पैसे भरणारे असतील, तर थोडेबहुत उरते. एरवी जमाखर्चाची तोंडमिळवणी होते, एवढेच. आणि सारे मालक वेळेवर पैसे भरणारे असतात, हे गृहीत धरणारा ट्रेनर या धंद्यात फार दिवस टिकत नाही. घोडा हरू लागला की मालकाची धनादेशावर सही करण्याची उत्सुकता मंदावते, हा अनुभव कोणत्याही देशातील तबेल्यात सारखाच येतो. शर्यतीच्या नियमांत थकबाकीदाराविरुद्ध तक्रारीची सोय असते, हे खरे. परंतु तक्रारीचा निकाल लागेपर्यंत घोड्याची चंदी बंद ठेवता येत नाही. किराणा मालाच्या दुकानदाराला उधारी थकली तर माल देणे थांबविता येते. ट्रेनरला ती मुभा नाही, कारण त्याच्या ठाण्यातला माल दिवसातून तीनदा खिंकाळतो.

मग तो जगतो कशावर? बक्षिसाच्या हिश्शावर. घोड्याने शर्यत जिंकली, किंवा दुसरा-तिसरा आला, की त्याच्या वाट्याच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे दहा टक्के ट्रेनरला मिळतात. मुंबईत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, हाँगकाँगमध्ये थोड्याफार फरकाने हेच प्रमाण रूढ आहे. दहा टक्के हा आकडा कानाला गोड लागतो. पण कोणत्याही शर्यतीत दहा-बारा घोडे धावतात आणि जिंकतो एक, हे त्याच्या जोडीला मांडले म्हणजे त्याचा गोडवा बराच उतरतो. ज्याचे शंभरांतले पंधरा घोडे जिंकतात तो उत्तम ट्रेनर गणला जातो, आणि वीस-पंचवीसपर्यंत मजल मारणाऱ्याचे नाव तर गावोगावच्या रेसकोर्सवर होते. म्हणजे अत्यंत यशस्वी पुरुषाच्याही चार धावांपैकी तीन निष्फळ जातात, आणि त्या निष्फळ धावांच्या तयारीचा खर्च मात्र सफल धावेइतकाच येतो.

या तयारीचे स्वरूप एकदा जवळून पाहिले पाहिजे. पहाटे, अजून उजाडावयाचे असताना, घोडे वाळूच्या ट्रॅकवर उतरलेले असतात. ट्रेनर कठड्याशी उभा असतो. हातात घड्याळ असते, पण त्याचे लक्ष घड्याळापेक्षा टापांच्या आवाजाकडे आणि घोडा थांबल्यावर त्याच्या नाकपुड्या किती वेळ फुगत राहतात याकडे अधिक असते. घोडे ठाण्यावर परतले, अंगावरून पाणी फिरले, म्हणजे तो एकेकापाशी वाकतो आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, नळीच्या मागून खाली उतरणाऱ्या शिरेवरून आपला तळहात हलकेच खाली नेतो. निरोगी पायाची ती शीर ताणलेल्या दोरीसारखी कठीण आणि थंड लागते. एखाद्या सकाळी ती बोटभर जागेत किंचित उबदार लागते. डोळ्यांना सूज दिसत नाही, घोडा लंगडत नाही, सईसाला तर काहीच वावगे वाटत नाही. पण चारपाचशे किलोंचा देह ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने फेकीत नेताना एका क्षणी सारा भार ज्या एका पायावर येतो, त्या पायातील ही ऊब म्हणजे तुटण्याची पूर्वसूचना असू शकते, हे ट्रेनर जाणतो. रविवारी हाच घोडा धावावयाचा आहे. मालकाने पाहुण्यांना निमंत्रणे दिली आहेत. घोडा जिंकण्याची शक्यता चांगली आहे, आणि जिंकला तर दहा टक्के ठरलेले आहेत.

अशा सकाळी घोडा न धावविण्याचा निर्णय घेणे हे ट्रेनरच्या विद्येचे शिखर होय. आणि नेमक्या त्याच निर्णयाबद्दल त्याला एक कपर्दिकही मिळत नाही. उलट पुष्कळदा दंडच होतो, कारण दुखावलेला मालक पुढच्या महिन्यात आपला घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात पाठवितो, आणि ज्या पायाला याने दोन महिने विश्रांती देऊन वाचविले, त्याच पायावर पुढे दुसरा कोणी बक्षीस मिळवितो. या व्यवसायाच्या वेतनपद्धतीत काही मूलतः चुकीचे असेल तर ते हे, असे माझे मत आहे: केलेल्या कामाचे मोल होते, पण न केलेल्या चुकीचे होत नाही. वैद्याच्या बाबतीत आपण रोग टाळल्याचीही फी देतो. कौटिल्याने वैद्याला आणि अश्वदमकाला एकाच ओळीत बसविले, त्यात त्याची दृष्टी अधिक व्यवहारी होती असे म्हणावे लागते.

हिशेब आकड्यांत पाहावयाचा तर अमेरिकेकडे वळणे सोयीचे, कारण तेथे प्रत्येक शर्यतीचे बक्षीस आणि प्रत्येक ट्रेनरच्या घोड्यांची कमाई छापील नोंदींतून जगाला उपलब्ध असते. तेथे मासिक रकमेऐवजी रोजाची पद्धत आहे: लहान मैदानांवर एका घोड्यामागे दिवसाला साठ-सत्तर डॉलर, तर न्यूयॉर्क किंवा केंटकीसारख्या मोठ्या ठिकाणी सव्वाशे-दीडशेपर्यंत. समजा, एखाद्या मध्यम ट्रेनरकडे वीस घोडे आहेत आणि रोज शंभर डॉलर आहे. म्हणजे महिन्याला साठ हजार डॉलर आले. ऐकणाऱ्याला ही मिळकत राजेशाही वाटेल. पण चार-पाच घोड्यांमागे एक चाकर, व्यायामानंतर घोडे चालवून थंड करणारी माणसे, पहाटेचे स्वार, चारा, पेंढा, आणि वर कामगारांच्या अपघातविम्याचे जबर हप्ते, एवढे वजा केल्यावर रोजाच्या पैशातून संसार चालत नाही, फक्त तबेला चालतो, अशी तेथील ट्रेनरांची सार्वत्रिक तक्रार आहे. संसार दहा टक्क्यांवर. वीस घोड्यांनी मिळून वर्षभरात सहा लाख डॉलरची बक्षिसे जिंकली तर साठ हजार डॉलर हिश्श्यास येतात, आणि त्यातूनही पुष्कळ ट्रेनर आपल्या चाकरांना खुशाली वाटतात. अमेरिकन सरकारच्या श्रमखात्याने २०२३ साली सर्व प्रकारच्या प्राणिशिक्षकांचे, म्हणजे कुत्र्यांना शिकविणारेही धरून, जे मध्यम वार्षिक वेतन नोंदविले, ते चाळीस हजार डॉलरच्या आतच होते.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. २०२४ च्या केंटकी डर्बीचे एकूण बक्षीस ५० लाख डॉलर होते. त्यातले ३१ लाख विजेत्या मिस्टिक डॅन या घोड्याला मिळाले. दहा टक्क्यांच्या रूढीप्रमाणे त्याच्या ट्रेनरचा, केनी मॅकपीक यांचा, हिस्सा तीन लाख दहा हजार डॉलर होतो. शर्यत चालली जेमतेम दोन मिनिटे. वर्तमानपत्रे या दोन मिनिटांबद्दल लिहितात, आणि ते वाचून दरवर्षी काही तरुण या धंद्यात शिरतात. त्यांनी खरे म्हणजे डेल बेअर्डचे चरित्र वाचावे.

डेल बेअर्ड हा वेस्ट व्हर्जिनियातील माउंटेनियर पार्क या एका आडबाजूच्या मैदानावर आयुष्य काढलेला ट्रेनर. २००७ साली अपघातात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या नावावर ९,४४५ विजय होते. उत्तर अमेरिकेत तोवर कोणीही इतक्या शर्यती जिंकल्या नव्हत्या, आणि हा विक्रम २०२१ साली स्टीव्ह असमुसेनने मोडीपर्यंत अबाधित राहिला. पण या साऱ्या विजयांतून बेअर्डच्या घोड्यांनी मिळविलेली एकूण बक्षिसे साडेतीन कोटी डॉलरच्या आसपासच भरतात. सरासरी काढली तर एका विजयामागे पावणेचार हजार डॉलरही पुरते होत नाहीत. उलट न्यूयॉर्क, फ्लोरिडा, केंटकी येथे घोडे उतरविणाऱ्या टॉड प्लेचर यांचे २०२१ च्या सुमारास पाच हजार विजय पुरे झाले, म्हणजे बेअर्डच्या निम्म्याहून थोडे अधिक. पण त्यांच्या घोड्यांची कमाई तेव्हाच चाळीस कोटी डॉलरच्या पलीकडे गेली होती. एका विजयामागे ऐंशी हजार! दोघांपैकी घोड्याचे मर्म कोणाला अधिक कळत होते, हे या आकड्यांवरून ठरविता येणार नाही. एवढे मात्र निश्चित ठरते की, ट्रेनरची प्राप्ती तो किती वेळा जिंकतो यापेक्षा तो कोठे जिंकतो आणि कोणाचे घोडे घेऊन जिंकतो यावर कितीतरी पटींनी अधिक अवलंबून असते.

‘कोणाचे घोडे’ हा शब्दप्रयोग मी जाणून केला आहे. उत्तम जातीचे शिंगरू पैदा करणे किंवा लिलावात विकत घेणे हे ट्रेनरच्या ऐपतीबाहेरचे काम. ते संस्थानिकांनी केले, पुढे उद्योगपतींनी केले. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी ज्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली, ती बडोद्याच्या महाराजांची. पुण्याजवळचे पूनावाला कुटुंबाचे स्टड फार्म १९४६ सालचे. तेथील शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे प्रतिविषाचे सीरम तयार करण्यासाठी हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्या संबंधातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटचा जन्म झाला, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. अशा घराण्यांचे दहा-वीस घोडे ज्या तबेल्यात जातात, त्या तबेल्याचे नशीब फळफळते. जिंकणाऱ्याकडे चांगले घोडे येतात, चांगले घोडे आल्यामुळे तो आणखी जिंकतो, आणि तळाशी असलेल्या ट्रेनरकडे दुय्यम घोडे, दुय्यम मालक आणि थकलेली बिले एवढेच उरते. हे चक्र भेदून वर येण्याचा एक जुना मार्ग म्हणजे आधी स्वार म्हणून नाव मिळविणे. आठ वेळा इंडियन डर्बी जिंकणारे जॉकी पेसी श्रॉफ घोड्यावरून उतरून ट्रेनर झाले, तेव्हा मालकांचा विश्वास त्यांनी खोगिरावरच कमावून ठेवलेला होता आणि त्यांचे नाव थोड्याच वर्षांत अग्रगण्य ट्रेनरांत घेतले जाऊ लागले. ज्याच्यापाशी ही पुण्याई नाही, त्याने दुसऱ्याच्या तबेल्यात सहायक म्हणून उमेदवारी करावी, आणि मालकांशी बोलण्याची कला घोड्यांशी बोलण्याच्या कलेइतकीच शिकून घ्यावी. हे कित्येकांना रुचत नाही; पण ज्याला मालक सांभाळता येत नाहीत, त्याला सांभाळावयास घोडेही फार काळ उरत नाहीत.

अमेरिकेत आणखी एक अजब प्रकार आहे. तेथील जवळजवळ निम्म्या शर्यती अशा असतात की, त्यांत उतरलेला प्रत्येक घोडा जाहीर केलेल्या किमतीला विक्रीस काढलेला मानला जातो. शर्यतीपूर्वी कोणाही परवानाधारकाने ठराविक कागद भरून पैसे रुजू केले, की धाव संपताच घोडा त्याचा होतो. बक्षीस जुन्या मालकाला आणि घोडा नव्याला! घोड्याची किंमत कमी लावावी तर तो हातचा जाण्याची भीती, जास्त लावावी तर अधिक तगड्या घोड्यांशी गाठ, अशी ही गंमत आहे. धूर्त ट्रेनर याच बाजारात दुसऱ्याच्या दुर्लक्षित घोड्याचे गुण हेरून, त्याला मालकाकरवी विकत घेववून, महिन्या-दोन महिन्यांत वरच्या दर्जाच्या शर्यतीत जिंकवून दाखवितात. लहान मैदानांवरचे पुष्कळ संसार याच कसबावर चालतात. भारतात घोड्यांची प्रतवारी मुख्यतः हँडिकॅपर हा क्लबाचा अधिकारी ठरवितो, त्यामुळे आपल्याकडे या प्रकाराचे प्रस्थ नाही.

मिळकतीची बाजू अशी डळमळीत असताना जबाबदारीची बाजू मात्र पोलादासारखी पक्की असते. घोड्याच्या रक्तात किंवा लघवीत निषिद्ध द्रव्याचा अंश सापडला, तर ते कोणी दिले, का दिले, चुकून गेले की मुद्दाम, याचा खल होण्याआधीच प्रथम उत्तरदायी ट्रेनर असतो. २०२१ च्या केंटकी डर्बीत बॉब बॅफर्ट यांच्या तबेल्यातील मेडिना स्पिरिट पहिला आला. नंतरच्या तपासणीत बीटामेथासोन हे दाहशामक औषध आढळले. ते त्वचेच्या मलमातून गेले, असे बॅफर्ट यांच्या बाजूने सांगण्यात आले. तथापि २०२२ च्या फेब्रुवारीत घोड्याचे विजेतेपद रद्द होऊन १८ लाख ६० हजार डॉलरचे पहिले बक्षीस दुसऱ्या आलेल्या मॅन्डलूनकडे गेले, आणि जेथे ही डर्बी होते त्या चर्चिल डाउन्सच्या मैदानावर बॅफर्ट यांना २०२४ पर्यंत बंदी राहिली. एवढ्या नामांकित माणसाचा तबेला अशा आघातातून सावरू शकतो. दहा-बारा घोड्यांच्या ट्रेनरला एका हंगामाची बंदी झाली, तर परत आल्यावर त्याची ठाणी रिकामी आढळतात.

आता ट्रेनरची प्राप्ती आटविणाऱ्या, आपल्याकडच्या एका निराळ्याच कारणाकडे यावे लागते. ते तबेल्याबाहेरचे, करखात्यातले आहे. शर्यतींची बक्षिसे आकाशातून पडत नाहीत. मालकांची प्रवेशफी, प्रायोजकांच्या देणग्या हे थोडे; पण मुख्य ओघ प्रेक्षकांनी टोटवर, म्हणजे क्लबाच्या अधिकृत पैजखिडकीवर, लावलेल्या पैशातून क्लबाला मिळणाऱ्या हिश्शाचा असतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात दिला खरा, परंतु करआकारणीच्या वेळी हे कौशल्य कामास आले नाही: २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा शर्यतीवरील पैजेला २८ टक्क्यांच्या सर्वोच्च गटात घातले गेले, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. क्लबांचे म्हणणे असे की, एवढा कर सोसून कायदेशीर खिडकीवर पैसे लावण्यापेक्षा लोक बेकायदा बुकीकडे वळतात; टोट आटला की क्लबाचा हिस्सा आटतो, हिस्सा आटला की बक्षिसे आटतात, आणि बक्षिसांच्या दहा टक्क्यांवर जगणारा ट्रेनर या साखळीच्या शेवटी उभा असतो. जुगारावर जबर कर असू नये, असे मी म्हणणार नाही. समाजाला त्याचा अधिकार आहे. पण पहाटे चारला उठणाऱ्या ज्या सईसाने आयुष्यात एक रुपयाही घोड्यावर लावला नाही, त्याचा पगारही याच साखळीला टांगलेला आहे, हे कर ठरविणाऱ्यांच्या ध्यानात असावे.

जमिनीचा प्रश्न त्यातच मिसळला आहे. महालक्ष्मीचा जुना भाडेपट्टा २०१३ साली संपला. बऱ्याच घासाघिशीनंतर २०२४ साली सुमारे १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महानगरपालिकेकडे देण्याचे ठरून उरलेली क्लबाकडे राहिली. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने उटकमंड आणि चेन्नई येथील रेसकोर्सच्या जमिनी ताब्यात घेण्याची कारवाई केली. मैदान हलले तर घोडे कोठे बांधावयाचे, याचे उत्तर ज्याला पुढच्या पाच वर्षांसाठी देता येत नाही, त्याच्याकडे मालक नवे शिंगरू पाठविताना दहादा विचार करतो. याच्या अगदी उलट चित्र हाँगकाँगचे. तेथे साऱ्या शर्यती एका जॉकी क्लबाच्या हाती आहेत, ट्रेनरांची संख्या दोन डझनांच्या आतबाहेर ठेवलेली असते, एकाच्या तबेल्यात किती घोडे असावेत यालाही मर्यादा आहे, आणि पैजांची उलाढाल प्रचंड असल्याने साध्या शर्यतींची बक्षिसेही भरघोस असतात. परिणामी तेथील मधल्या फळीतला ट्रेनरही सुखवस्तू असतो. अर्थात त्या दोन डझनांत शिरणे हीच खरी शर्यत.

शर्यतीबाहेरही घोडे शिकविणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची प्राप्ती अधिक शांत स्वरूपाची आहे. रायडिंग स्कूलमधील शिक्षकाला दरमहा पगार असतो आणि खासगी शिकवण्यांची वरकड जमा असते. ती शहर, विद्यार्थ्यांची ऐपत आणि शिक्षकाच्या गाठीची पदके यांप्रमाणे कमीअधिक होते. जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत, लष्कराच्या रिमाउंट व पशुवैद्यक दलात किंवा पोलिसांच्या अश्वपथकात जे घोडे तयार करतात, ते हुद्द्याप्रमाणे सरकारी वेतन घेतात, निवृत्तीनंतरची सोय त्यांना असते. कौटिल्याच्या त्या ओळीचे खरे वारस हेच म्हणावयाचे. आणि आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या बाजारात, किंवा सोलापूरकडे अकलूजच्या बाजारात, असे शिकविणारे भेटतात की ज्यांच्याजवळ कसलाच परवाना नाही. मारवाडी वा काठेवाडी जातीचे जनावर वर्ष-दोन वर्षे सांभाळावे, त्याला रेवाल चाल शिकवावी, ढोलाच्या ठेक्यावर पाऊल उचलावयास लावावे आणि शौकिनाला विकावे, ही त्यांची रीत. त्यांना शिकविण्याची फी म्हणून वेगळी मिळत नाही. शिकविणे हे घोड्याच्या किमतीत मुरलेले असते. एकच घोडा चाल बसण्यापूर्वी आणि चाल बसल्यानंतर बाजारात उभा केला, तर दोन किमतींत जे अंतर पडते, ती त्या माणसाची दोन वर्षांची मजुरी. मधल्या काळात घोडा पोटशुळाने दगावला तर मजुरीही गेली आणि भांडवलही. विम्याचा कागद या बाजारात क्वचितच दिसतो.

शर्यतीच्या ट्रेनरचा परवाना काढू पाहणाऱ्या तरुणाला घोड्यांविषयी उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, आणि त्याची गरजही नसावी. घोड्यांचे वेड असल्याखेरीज कोणी या वाटेला येत नाही. त्याने हिशेबाची वही मात्र आधी उघडावी. किती मालक घोडे देण्यास खरोखर तयार आहेत, त्यांपैकी किती जणांची मागची बिले दुसऱ्या तबेल्यात थकली आहेत, आपले घोडे ज्या दर्जाच्या शर्यतीत धावतील तिचे बक्षीस किती, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे किती, हे कागदावर मांडावे. बक्षिसाचा एक रुपयाही न येता सहा महिने चंदी आणि सईसांचे पगार भागतील एवढी शिल्लक गाठीला नसेल, तर परवान्याचा अर्ज तूर्त भरू नये. कोणा जाणत्या ट्रेनरच्या हाताखाली सहायक म्हणून पगारावर राहावे आणि पहाटे त्याच्या मागे उभे राहून घोड्यांच्या पायांवरून हात फिरवावयास शिकावे.